एम्बर नावाच्या पदवीधर मुलीला तृणमणी भेट द्यावा का? नाव, पदार्थ आणि पदवीदानाच्या प्रथा

पानगळ (धागाकर्ती)

माझ्या मैत्रिणीची मुलगी लवकरच वनशास्त्राची पदवी घेणार आहे. तिचे नाव एम्बर. मधाळ रंगाच्या ज्या पारदर्शक पदार्थाला जुन्या ग्रंथांत तृणमणी म्हटले आहे, त्याच्यावरून आईवडिलांनी ते ठेवले. झाडाच्या राळेपासून झालेला पदार्थ वनशास्त्राच्या विद्यार्थिनीला द्यायचा आणि तोही तिच्याच नावाचा, ही सांगड मला फार आवडली, म्हणून पदवीदानाच्या निमित्ताने तिला तृणमण्याची एखादी वस्तू द्यावी असे मनात आहे.

मात्र माहिती काढू लागले तसे प्रश्न वाढत गेले. पदवीची आठवण म्हणून अंगठी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण तृणमणी अंगठीत टिकतो का, याबद्दल परस्परविरोधी मते वाचायला मिळाली. तिच्या विद्यापीठात अमेरिकी पद्धतीचा झगा, चौकोनी टोपी आणि गोंडा असा वेष असतो व त्यातील रंगांना ठरलेले अर्थ असतात, असे कळले. तेव्हा हा मधाळ पिवळा रंग भलत्याच शाखेचा निघू नये, अशीही शंका आहे. शिवाय मैत्रिणीच्या सासूबाई या नावाचा अर्थ आकाश असा सांगतात, आणि ते मलिक अंबरच्या नावाशी जोडलेले आहे असे दुसरे एक नातेवाईक म्हणतात. यापैकी खरे काय आहे, हे भेटीसोबतच्या पत्रात काही लिहिण्यापूर्वी मला नीट समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खडकमाती

भेटीची कल्पना उत्तम आहे, पण अंगठी घेऊ नका. त्याचे कारण पदार्थाच्या घडणीतच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

झाडातून पाझरणाऱ्या प्रत्येक द्रवाचा तृणमणी होत नाही. मुळांकडून पानांकडे चढणारा रस निराळा, पाण्यात फुगणारा डिंक निराळा, आणि साल फाटली की जखम बुजवण्यासाठी व कीड-बुरशीला रोखण्यासाठी झाड जी चिकट राळ सोडते ती निराळी. डिंक शर्करेच्या लांब साखळ्यांचा असल्यामुळे मातीत कुजून जातो. राळ टर्पीन वर्गातील संयुगांची असते. ती पाण्याला दाद देत नाही आणि सूक्ष्मजीवांनाही सहजासहजी पचत नाही. अशी राळ गाळाखाली, हवेपासून दूर गाडली गेली की तिच्यातील उडून जाणारी सुगंधी द्रव्ये हळूहळू निघून जातात आणि मागे राहिलेले रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचे घट्ट जाळे तयार होते. हे काम अर्ध्यावर असेल तर त्या पदार्थाला कोपल म्हणतात आणि ते पूर्णत्वाला गेले की तृणमणी. मुळातली राळ कोणत्या झाडाची आहे आणि तिला किती उष्णता व दाब मिळाला यावर या क्रियेचा वेग ठरतो, त्यामुळे केवळ वयावरून दोहोंमध्ये रेघ ओढता येत नाही. तरीही दागिन्यांत वापरला जाणारा तृणमणी बहुधा कोट्यवधी वर्षांचा असतो.

दुकानांत सर्वाधिक दिसतो तो बाल्टिक समुद्राच्या परिसरातला. तो इओसीन कालखंडातला, साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात यांतार्नी नावाचे गाव आहे आणि तेथील खाणीत 'निळी माती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थरात जगातील ज्ञात साठ्याचा मोठा भाग आहे. या तृणमण्यात साधारण ३ ते ८ टक्के सक्सिनिक आम्ल असते, म्हणून त्याला सक्सिनाइट असे खास नाव आहे. त्याची घनता १.०५ ते १.१० इतकी कमी असल्याने वादळी लाटा तळाचा थर खरवडतात तेव्हा तुकडे सहज उचलले जाऊन किनाऱ्यावर येऊन पडतात. खाणी निघण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते वाळूत वेचत आले आहेत.

आता अंगठीचा मुद्दा. मोह्सच्या मापनपट्टीवर तृणमण्याची कठीणता २ ते २.५ इतकीच, म्हणजे जवळपास आपल्या नखाएवढी आहे. माणिक ९ वर आहे आणि साधे क्वार्ट्झ ७ वर. सामान्य धुळीतही क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यामुळे कोरड्या फडक्याने धूळ पुसणे एवढेही त्याच्या झिलईला बाधते. मग दिवसभर टेबलावर, दाराच्या मुठीवर आणि चाव्यांवर आपटणाऱ्या बोटात त्याची काय गत होईल, हे सांगायला नको. अमेरिकेत तुकडीची अंगठी घालण्याची प्रथा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतील १८३५ च्या तुकडीपासून सुरू झाली असे मानतात, आणि रोज वापरायच्या अशा अंगठ्यांत कठीण खडेच शोभतात. गळ्यातला लोलक किंवा कानातले घ्या. तेथे धक्के कमी बसतात, आणि वजन इतके हलके की मोठा खडासुद्धा कानाला जड वाटत नाही.

नाममाला

नावाच्या गोंधळाची उकल करण्याचा प्रयत्न करते. सासूबाई आणि नातेवाईक या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते दोघे एकाच शब्दाबद्दल बोलत नाहीत.

पीतांबर, दिगंबर, चिदंबर यांत दिसणारा संस्कृत 'अंबर' म्हणजे वस्त्र किंवा आकाश. त्याचा इंग्रजी 'एम्बर'शी काही संबंध नाही. उच्चार जवळचा आहे, एवढेच. इंग्रजी नाव अरबी 'अंबर' या शब्दावरून, लॅटिन आणि फ्रेंच मार्गे आले, आणि तो अरबी शब्द तृणमण्याचा नव्हताच. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होऊन समुद्रावर तरंगत येणारे, अत्तरात वापरले जाणारे जे करडे सुगंधी द्रव्य असते, ज्याच्या तस्करीच्या बातम्या 'व्हेल माशाची उलटी' अशा मथळ्याने येतात, त्याचे ते नाव. दोन्ही वस्तू समुद्रकिनाऱ्यावर सापडत, दोन्ही मौल्यवान होत्या आणि दोन्ही जाळल्या की वास दरवळे. युरोपात यथावकाश एकच शब्द दोहोंना लागू झाला. फ्रेंच लोकांनी करडा अंबर आणि पिवळा अंबर असा भेद करून पाहिला, पण पुढे इंग्रजीत मूळ शब्द पिवळ्याकडे राहिला आणि देवमाशाच्या द्रव्याकडे 'अंबरग्रीस' हे जोडनाव गेले.

मलिक अंबरचे नाव याच अरबी शब्दाचे आहे. तो १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, आणि त्याचे मूळचे चापू हे नाव जाऊन अंबर हे नाव त्याला मालकाकडून मिळाले. गुलामांना सुगंधी किंवा मौल्यवान वस्तूंची नावे देण्याची त्या जगात रीत होती: अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर म्हणजे कापूर, आणि याकूत म्हणजे माणिक. ज्याला वस्तूसारखे विकले त्याला वस्तूचेच नाव द्यायचे, असा तो प्रकार. त्याच नावाच्या माणसाने पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतला, १६१० मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद) हे शहर वसवले आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल व आदिलशाही फौजांना हरवले. तेव्हा तुमच्या एम्बरच्या आणि मलिक अंबरच्या नावांचे मूळ खरोखर एकच आहे, पण ती दोन टोकांच्या वाटांनी आलेली नावे आहेत. एक मालकाने लादलेले, तर दुसरे आईवडिलांनी हौसेने निवडलेले.

इंग्रजीत मुलीचे नाव म्हणून एम्बरचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रूबी, पर्ल, ओपल अशी रत्नांची नावे ठेवण्याची लाट आली तेव्हा दिसू लागला. १९४४ मध्ये आलेल्या एका अतिशय खपाच्या ऐतिहासिक कादंबरीच्या नायिकेमुळे ते घरोघरी पोहोचले आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत मुलींच्या सर्वाधिक लोकप्रिय वीस नावांत जाऊन बसले. मला मात्र लिथुआनियन आणि लाटवियन नावांचे अधिक कौतुक वाटते, कारण तेथे ही फॅशन नसून आपल्याच किनाऱ्यावरच्या वस्तूची ओळख आहे. लिथुआनियात मुलाचे नाव गिंतारस आणि मुलीचे गिंतारे, तर लाटवियात द्झिंतार्स आणि द्झिंत्रा, आणि या साऱ्यांचा अर्थ तृणमणी असाच आहे.

रेणुकण

नाममाला यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. आपला 'तृणमणी' आणि फार्सी 'कहरुबा' हे दोन्ही शब्द रंगावरून किंवा वासावरून पडलेले नाहीत, तर गुणावरून पडले आहेत. फार्सीत काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे हिसकावून नेणारा. लोकरीवर घासलेला तृणमणी वाळलेल्या काड्या स्वतःकडे ओढतो, कारण घासताना त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार साचतो आणि तो उत्तम विद्युतरोधक असल्यामुळे हा भार लगेच वाहून जात नाही. ग्रीक लोक तृणमण्याला एलेक्ट्रॉन म्हणत. १६०० साली विल्यम गिल्बर्टने चुंबकत्वावरील आपल्या लॅटिन ग्रंथात तृणमण्यासारखे आकर्षण दाखवणाऱ्या पदार्थांसाठी त्यावरूनच विशेषण घडवले आणि त्यातून 'इलेक्ट्रिसिटी' आली. १८९१ मध्ये जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी यांनी विद्युतभाराच्या मूलभूत एककाला इलेक्ट्रॉन हे नाव सुचवले. पत्रात लिहायला एखादे वाक्य हवे असेल तर या मुलीचे नाव आणि विजेचे नाव एकाच वस्तूवरून पडले आहे, हे लिहा. हा गुण तिला लोकरी हातमोज्याने स्वतःच पडताळून पाहता येईल.

वस्त्रगाथा

वेषाच्या रंगाबद्दल निश्चिंत राहा. काळा झगा ही मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांची देणगी आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत तेथील अध्यापक आणि विद्यार्थी बहुतांशी धर्मसंस्थेशी बांधलेले असत आणि शेकोटी नसलेल्या दगडी इमारतींत बसण्यासाठी लांब, जाड वस्त्र लागे. धर्मगुरूंचा तोच पोशाख पुढे विद्वत्तेचा गणवेष झाला. युरोपात प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या परीने तो बदलत नेला, अमेरिकेत मात्र त्याला एकसारखे रूप देण्याचा रीतसर प्रयत्न झाला. १८९५ मध्ये विद्यापीठांच्या प्रतिनिधींनी झग्यांची ठेवण, कापड आणि रंग ठरवले व १९३२ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने त्याची सुधारित संहिता स्वीकारली. ती बंधनकारक नाही, पण बहुतेक संस्था तिला धरून चालतात.

त्या संहितेतील रंगांची नावे मोठी मजेदार आहेत. कायद्याला जांभळा, वैद्यकाला हिरवा आणि संगीताला गुलाबी, येथवर ठीक आहे. पण पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात केवढी दाटी झाली आहे ते पाहा. विज्ञानाला सोनेरी पिवळा, शेतीला मक्याचा पिवळा, ग्रंथालयशास्त्राला लिंबाचा पिवळा, समाजकार्याला हिरवट पिवळा, अभियांत्रिकीला नारिंगी, परिचर्येला जर्दाळूचा आणि अर्थशास्त्राला तांब्याचा. रंगाऱ्याच्या दुकानातली नमुनावही उघडून बसल्यासारखे वाटते. इतक्या छटांच्या गर्दीत तृणमण्याचा रंग मात्र कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. तुमच्या एम्बरच्या वनशास्त्राला तांबूस तपकिरी रंग नेमलेला आहे, वाळलेल्या पानांचा म्हणतात तसा, आणि गडद कोन्याकी (कोन्याक मद्यासारख्या तपकिरी) छटेचा तृणमणी त्याच्या जवळ जातो. म्हणजे भलत्या शाखेचा रंग घातला, अशी हरकत कोणी घेण्याचे कारण नाही. विज्ञानशाखेच्या सोनेरी पिवळ्याशी गल्लत नको असेल तर फिकट लिंबकांतीचा खडा टाळून गडद घ्या, म्हणजे झाले.

आणखी दोन गोष्टी. त्याच संहितेत झग्यावर दुसरे काही घालू नये असे म्हटले आहे. प्रत्यक्षात पट्टे, दोर आणि बिल्ले यांची रेलचेल असते, तरी काही संस्था याबाबत कडक असतात, म्हणून झग्यावर लावायचा ब्रोच देण्यापेक्षा गळ्याशी आतून दिसेल असा लहान लोलक सोयीचा. टोपीचा गोंडा पदवी मिळताच उजवीकडून डावीकडे सारतात, हा विधी फार प्राचीन असल्यासारखा केला जातो, पण संहितेच्या मूळ मजकुरात गोंडा टोपीच्या मध्यावर बांधावा आणि तो पडेल तसा पडू द्यावा, एवढेच आहे. टोपी हवेत भिरकावण्याचीही तीच कथा. ती प्रथा १९१२ मध्ये अमेरिकी नौदल अकादमीत पडली, कारण त्या वर्षीच्या पदवीधरांना अधिकाऱ्यांच्या नव्या टोप्या आधीच मिळाल्या होत्या आणि जुन्यांची गरज उरली नव्हती.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. अंगठीचा विचार सोडला. तरीही एक शंका आहे: पदवीदानाला रत्न देण्याला काही आधार आहे का, की ही केवळ दागिन्यांच्या दुकानांनी वाढवलेली रूढी आहे? तिचे वडील याच मुद्द्यावर अडून आहेत. विद्येचा आणि दागिन्यांचा संबंध काय, असे त्यांचे म्हणणे.

जुनी पोथी

आधार आहे, आणि तो चांगला जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात समावर्तनाचा, म्हणजे अध्ययन संपवून घरी परतण्याचा विधी सांगताना विद्यार्थ्याने कोणत्या वस्तू जमवाव्यात याची यादी दिली आहे आणि त्या यादीतला पहिलाच शब्द 'मणी' आहे. पुढे दोन कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्री, पादत्राणे, दंड, माळ, उटणे, लेप, अंजन आणि पागोटे. ब्रह्मचर्याश्रमात असताना यांपैकी बहुतेक गोष्टी वर्ज्य असत, त्यामुळे अंगावर मणी चढणे हीच विद्यार्थिदशा संपल्याची उघड खूण होती. स्नान करून तो बाहेर येई म्हणून तो स्नातक. झगा आणि टोपीच्या जागी छत्री आणि वहाणा, एवढाच काय तो फरक.

पण त्या सूत्रात याहून महत्त्वाची एक ओळ आहे, आणि मुलीच्या वडिलांना ती नक्की पटेल. या सगळ्या वस्तू विद्यार्थ्याने स्वतःसाठी आणि आचार्यांसाठीही आणाव्यात, आणि दोघांसाठी मिळवणे जमले नाही तर फक्त आचार्यांसाठी आणाव्यात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत 'सत्यं वद, धर्मं चर' हा जो उपदेश आहे, त्यातही आचार्यांना प्रिय असे धन आणून दे, असे सांगितले आहे. म्हणजे पदवीच्या प्रसंगी भेट मुख्यतः शिष्याकडून गुरूकडे जात असे. आज ती वडीलधाऱ्यांकडून पदवीधराकडे येते. माझे मत विचाराल तर एम्बरला लोलक द्याच, पण तिने आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना काय दिले, हेही तिला विचारा.

इतर देशांतही पदवीच्या प्रसंगी अंगावर काही ना काही चढतेच. फिनलंडमध्ये डॉक्टरेटच्या समारंभात उंच टोपी आणि तलवार, तर पदव्युत्तर पदवीधरांना पानांचा मुकुट आणि अंगठी मिळते. इटलीत पदवीला लाउरेआ म्हणतात आणि पदवीधर त्या दिवशी लॉरेलच्या पानांचा मुकुट घालून हिंडतात. कॅनडातील अभियंते १९२५ पासून जी अंगठी घालतात ती तर मुळात लोखंडाची (आता बहुधा स्टेनलेस स्टीलची), तीसुद्धा काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत, म्हणजे नकाशावर हात टेकला की ती कागदाला लागावी. कोसळलेल्या क्विबेक पुलाच्या लोखंडापासून त्या अंगठ्या घडवल्या, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. ती खरी नाही, पण पदार्थाला अर्थ असावा असे लोकांना किती वाटते, हे त्यावरून दिसते.

कीटकवही

एवढी चर्चा वाचल्यावर माझी सूचना अशी की आत कीटक असलेला तृणमणी द्यावा. वनशास्त्राच्या विद्यार्थिनीला नुसत्या पिवळ्या खड्यापेक्षा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा डास किंवा मुंगी पाहण्यात अधिक आनंद मिळेल, आणि त्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढता येतो, असेही ऐकले आहे.

खडकमाती

कीटकाची सूचना मोहक आहे, मात्र तिच्याशी जोडलेल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे.

डीएनएचे आधी निकालात काढू. १९९० च्या दशकात तृणमण्यातील कीटकांपासून डीएनए मिळाल्याचे दावे झाले होते, पण ते इतर प्रयोगशाळांना पुन्हा सिद्ध करता आले नाहीत. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये तर तुलनेने अगदी अलीकडच्या कोपलमधील मधमाश्या तपासल्या आणि त्यांतही प्राचीन डीएनए टिकल्याचा पुरावा मिळाला नाही. बाह्य आकार विलक्षण बारकाईने टिकतो, पंखांवरची लव आणि डोळ्यांचे पैलूसुद्धा दिसतात. आनुवंशिक रेणू टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट नकलांची. आत सुबक, मध्यभागी नीट मांडून ठेवल्यासारखा आणि पाय पसरलेला मोठा विंचू किंवा फुलपाखरू दिसले तर तो बहुधा प्लास्टिकमध्ये किंवा वितळवलेल्या कोपलमध्ये ओतलेला आजचा प्राणी असतो. राळेत सापडलेला खरा जीव बहुतेक वेळा मिलिमीटरांत मोजावा लागतो, वेडावाकडा असतो आणि त्याच्याभोवती धडपडीच्या खुणा, बुडबुडे किंवा मातीचे कण असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे. कीटकांसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेला तृणमणी म्यानमारच्या काचिन राज्यातील हुकाँग खोऱ्यातून येतो. तो सुमारे ९.९ कोटी वर्षांचा, म्हणजे डायनासोरांच्या काळातला आहे, आणि पिसांसह डायनासोरच्या शेपटीचा जो तुकडा २०१६ मध्ये जगभर गाजला तो याच प्रदेशातला. परंतु त्या खाणींच्या ताब्यावरून तेथे सशस्त्र संघर्ष झाला आहे. २०२० मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अलीकडे त्या खाणींतून बाहेर आलेल्या नमुन्यांवरचे शोधनिबंध प्रसिद्ध करू नयेत, असे नियतकालिकांना आवाहन केले. संशोधकच जेथे हात आखडता घेत आहेत तेथे भेटवस्तूसाठी तो विकत घेणे मला योग्य वाटत नाही.

वनशास्त्राच्या दृष्टीने रंजक नमुनाच हवा असेल तर कीटकांऐवजी वनस्पतींचे अवशेष पाहा. बाल्टिक तृणमण्यात ओकच्या झाडाचे तारकाकृती केस वारंवार आढळतात. साध्या भिंगाखाली ते दिसतात आणि त्यांची नक्कल करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. शिवाय एक माहिती तिला आवर्जून सांगा. गुजरातमधील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी सापडला. २०१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५५ कुळांतील ७०० हून अधिक कीटक व तत्सम जीवांची नोंद झाली. ती राळ डिप्टेरोकार्पेसी कुळातील झाडांची निघाली. साल वृक्ष त्याच कुळातला. धूप म्हणून जाळली जाणारी राळ त्याच सालाची. दीर्घ काळ एकट्या वाहत आलेल्या भारतीय भूखंडावर सगळे जीव वेगळे असायला हवे होते, पण या कीटकांचे जवळचे नातलग आशिया-युरोपात निघाले, त्यामुळे भूखंड पूर्ण भिडण्याआधीच जीवांची ये-जा सुरू झाली होती, असा निष्कर्ष काढला गेला. झाडाच्या जखमेवरची राळ भूखंडाच्या प्रवासाची साक्ष देते, हे वनशास्त्राच्या पदवीधर मुलीला सांगण्याजोगे आहे.

रेणुकण

विक्रेते तृणमण्याचे औषधी गुणही सांगतील. त्वचेच्या उबेने त्यातले सक्सिनिक आम्ल शरीरात शिरून वेदना कमी होतात, या दाव्याला विश्वासार्ह पुरावा नाही. दात येणाऱ्या बाळांच्या गळ्यात घालायच्या माळा तर धोकादायक आहेत; गळफास आणि घशात मणी अडकण्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला. दागिना म्हणून द्या, औषध म्हणून नको.

पानगळ

चित्र स्पष्ट झाले. गडद छटेचा बाल्टिक तृणमणी, चांदीच्या कोंदणातला लोलक, आणि शक्य झाल्यास आत ओकचे केस असलेला. वडिलांना गृह्यसूत्रातली ओळ वाचून दाखवली. आचार्यांसाठीही आणावे, हे ऐकून ते खूश झाले आणि प्राध्यापकबाईंसाठी कानातल्यांची एक जोडी त्यांनी स्वतःहून यादीत घातली. आता खरेदी करताना काय पाहावे आणि नाव कोठे कोरावे, एवढे सांगा.

खडकमाती

नाव खड्यावर कोरू नका, चांदीच्या पाठीवर कोरा. तृणमणी ठिसूळ आहे आणि कोरीव रेघेपासून त्याला तडा जाण्याची शक्यता असते.

खरेपणासाठी घरी करता येण्याजोगी चाचणी मिठाच्या पाण्याची आहे. पाण्यात विरघळेल तेवढे मीठ घातले की खरा तृणमणी त्यात तरंगतो आणि काच व बरेचसे प्लास्टिक बुडते. पण ही चाचणी कोंदणात बसवण्यापूर्वीच करता येते, आणि कोपलही तरंगतो, त्यामुळे ती अपुरी आहे. कोपल ओळखण्यासाठी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ॲसिटोनचा थेंब टाकतात. कोपल चिकट होतो, तृणमण्यावर सहसा परिणाम होत नाही. तापलेल्या सुईने वास घेण्याची चाचणी मात्र भेटवस्तूवर कोणी करू नये, कारण तिचा डाग कायमचा राहतो. शंका राहिलीच तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटाची तपासणी करून घ्या. बाल्टिक तृणमण्याच्या आलेखात ठरावीक जागी जो सपाट खांदा दिसतो तो सहसा चुकत नाही.

विक्रेत्याला आणखी दोन गोष्टी विचारा. खडा एकसंध आहे की बारीक तुकडे उष्णता व दाबाने जोडून बनवलेला आहे, ही पहिली. जोडलेला खडा खोटा नसतो, पण त्याची किंमत एकसंधाइतकी असता कामा नये. दुसरी म्हणजे त्यावर उष्णतेची प्रक्रिया झाली आहे का. आत चकचकीत गोल चकत्या दिसत असतील तर ती झालेली आहे. अनेकांना त्या चकत्या आवडतात, आणि त्या निसर्गाने केलेल्या नसून कारागिराने आणलेल्या आहेत, एवढे ग्राहकाला माहीत असावे. ही दोन्ही उत्तरे पावतीवर लिहून घ्या.

समारंभाच्या दिवशी अत्तर आणि केसांचा फवारा आधी मारून, वाळू देऊन, मग लोलक घालायला तिला सांगा, कारण मद्यार्काने पृष्ठभाग निस्तेज होतो. पुसायचा तर ओलसर मऊ कापडाने, आणि ठेवायचा तर इतर दागिन्यांपासून वेगळ्या कापडी पिशवीत. प्राध्यापकबाईंच्या कानातल्यांसोबतही हीच सूचना चिठ्ठीवर लिहून द्या.